वाटाड्याचे स्त्रीलिंग

‘वाटाड्या’ हा मराठीतला मोठा अर्थवाही शब्द आहे. ज्याला वाट ठाऊक आहे आणि जो ती दुसऱ्याला दाखवून त्याला मुक्कामी सुखरूप पोहोचवतो, तो वाटाड्या. व्याकरणाच्या तासाला या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप विचारले, की वर्गात क्षणभर शांतता पसरते. मग कोणी ‘वाटाडी’ म्हणते, कोणी ‘वाटाडीण’, आणि सारा वर्ग हसतो. कारण ही रूपे नियमाने बनवता येत असली, तरी बोलण्यात कधी कानी पडलेली नसतात. माळ्याची माळीण होते, कोळ्याची कोळीण होते. तीसुद्धा पुष्कळदा त्याची बायको म्हणून होते, ही गोष्ट निराळी. वाटाड्याच्या बायकोला मात्र भाषेने वेगळे नाव देण्याची तसदी घेतलेली दिसत नाही.

याचा अर्थ आमच्या बायकांना रानवाटा ठाऊक नव्हत्या असा मुळीच नाही. खानापूर-चंदगडच्या रानातून डोक्यावर मोळी घेऊन बाजाराला उतरणाऱ्या स्त्रिया आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. पावसाळ्यात कुठला ओहोळ किती वाजता चढतो, कुठल्या खडकावर शेवाळ धरते, हे त्यांना पाठ असे. पण शहरातून कोणी साहेब शिकारीला किंवा कोणी तरुण किल्ला पाहायला आला, की गावातून वाट दाखवायला पुढे होई तो पुरुष. ओझे बाईच्या डोक्यावर चालत असे. वाट मात्र तिच्या हाती दिली जात नसे.

हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, दरवाजे बंद झाल्यावर घरी तान्हे बाळ एकटे म्हणून अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला, तिथे बुरूज बांधला आणि त्याला तिचे नाव दिले. आख्यायिकेची ऐतिहासिक छाननी हा निराळा विषय आहे. मला तिच्यातला एक तपशील नेहमी विचार करायला लावतो. हिरकणी कडा उतरली ती आई म्हणून. समजा, तीच हिरकणी दुसऱ्या दिवशी चार पुरुषांना तीच वाट दाखवायला पुढे झाली असती आणि त्याबद्दल तिने मजुरी मागितली असती, तर तिच्या नावाचा बुरूज झाला असता का? बाईच्या धाडसाला समाज मान्यता देतो ती बहुधा मायेपोटी केलेल्या धाडसाला. तिने तोच पोटापाण्याचा उद्योग करायचे म्हटले, की कपाळाला आठ्या पडतात.

हा भेद सर्वांत स्वच्छ दिसतो तो युरोपातल्या आल्प्स पर्वतात. तिथे वाट दाखवण्याचा रीतसर धंदा झाला, त्याच्या संस्था झाल्या, आणि त्यामुळे कोण आत होते आणि कोण बाहेर, याचा इतिहास सांगता येतो.

फ्रान्समधील शामोनी हे माँ ब्लाँ या सुमारे ४,८०० मीटर उंचीच्या शिखराच्या पायथ्याचे गाव. ८ ऑगस्ट १७८६ रोजी जाक बाल्मा आणि डॉक्टर पाकार हे दोघे या शिखरावर प्रथम पोहोचले. त्यानंतर श्रीमंत प्रवासी येऊ लागले आणि तिथल्या शेतकऱ्यांना, शिकाऱ्यांना व स्फटिक गोळा करणाऱ्यांना नवा रोजगार मिळाला. १८२० साली एका मोहिमेवर हिमप्रपात कोसळून तीन वाटाडे मेले. दुसऱ्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या वाटाड्यांनी आपला संघ स्थापन केला. मेलेल्यांच्या कुटुंबांना आधार द्यावा, कामाच्या पाळ्या ठराव्यात आणि उपऱ्यांनी धंद्यात शिरू नये, असे त्याचे हेतू होते. कसब बापाकडून मुलाकडे जाई. मुलीचा प्रश्न उपस्थितच होत नव्हता, म्हणून तो नाकारण्याचीही गरज पडली नसावी.

गंमत अशी, की संघ निघण्याच्या तेरा वर्षे आधीच एक बाई माँ ब्लाँच्या माथ्यावर जाऊन आली होती. मारी पारादी ही गावातली मोलकरीण. १८०८ च्या जुलै महिन्यात बाल्मा आणि त्याचे सोबती तिला वर घेऊन गेले. तू चल, तुझे नाव होईल आणि चार पैसे मिळतील, असे त्यांनी तिला पटवले होते. वरच्या टप्प्यात तिची दशा वाईट झाली आणि तिला ओढत, उचलत न्यावे लागले, हे तिने स्वतःच पुढे सांगितले. पण पैशांचे भाकीत मात्र खरे ठरले. खाली आल्यावर तिने प्रवाशांच्या वाटेवर खाण्यापिण्याचे छोटे दुकान थाटले, आणि ‘माँ ब्लाँची मारी’ पाहायला लोक थांबू लागले. गावातली पहिली शिखरस्वामिनी वाटेवर होती, पण वाट दाखवायला नव्हे, चहापाणी द्यायला.

तीस वर्षांनी आंरिएत दांजव्हील ही सरदार घराण्यातली ४४ वर्षांची अविवाहित स्त्री आली. ४ सप्टेंबर १८३८ रोजी ती माँ ब्लाँवर चढली. बरोबर सहा वाटाडे, सहा हमाल, चोवीस कोंबड्या आणि मद्याच्या अठरा बाटल्या असा सरंजाम होता. निघण्यापूर्वी तिने मृत्युपत्र केले. पोशाख स्वतः बेतून शिवून घेतला. त्यात विजार होती, आणि त्या काळी बाईने विजार घालणे हे शिखर चढण्यापेक्षा मोठे साहस होते. शेवटच्या चढावर विरळ हवेने तिची शुद्ध हरपू लागली. तेव्हा आपण मेलो तर देह वर नेऊन ठेवा, असे तिने वाटाड्यांकडून वदवून घेतले. ती आपल्या पायांनी माथ्यावर पोहोचली. तिथे त्या रांगड्या पुरुषांनी तिला खांद्यावर उचलून धरले, म्हणजे माँ ब्लाँपेक्षाही ती उंच झाली! परत आल्यावर तिने वृद्ध मारी पारादीला सन्मानाने जेवायला बोलावले, ही तिच्या मनाचा मोठेपणा दाखवणारी गोष्ट.

या बारा पुरुषांना एका बाईबरोबर डोंगर चढायला कमीपणा वाटला नाही, याचे कारण सरळ आहे. ती पैसे देणारी होती. पुढे १८७१ च्या जुलैत ल्यूसी वॉकर ही इंग्रज स्त्री मॅटरहॉर्नवर गेली, तेव्हाही तिच्या पुढे मेल्किओर अँडरेग हा नामांकित स्विस वाटाड्या होता. एकोणिसाव्या शतकात अशा कितीतरी स्त्रिया शिखरांवर गेल्या. इंग्लंडमधल्या पुरुषांच्या आल्पाइन क्लबने (स्थापना १८५७) त्यांना १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आत घेतले नाही, म्हणून १९०७ मध्ये त्यांनी आपला वेगळा क्लब काढला. तरीही दोरावर त्यांची जागा ठरलेली होती, वाटाड्याच्या मागे. पैसे देऊन चढणारी बाई समाजाने तक्रार करीत का होईना, सोसली. पैसे घेऊन चढवणारी बाई त्याच्या कल्पनेतच बसत नव्हती.

दोरावरच्या जागेचे महत्त्व थोडे समजून घ्यायला हवे. चढताना वाटाड्या सर्वांत पुढे असतो. तो पडला तर खोल पडतो. उतरताना तो सर्वांत मागे राहतो, म्हणजे खालचा घसरला तर सावरायला वर कोणीतरी पक्का उभा असावा. घसरलेल्या माणसाला पेलायला पैलवानाचे दंड लागतात, ही एक जुनी समजूत. प्रत्यक्षात खडकाच्या सुळक्याला किंवा अंगाभोवती दोराचा वेढा देऊन घर्षणावर वजन तोलले जाते. विहिरीवर रहाटाच्या लाकडाला दोर गुंडाळून भरली घागर रोखून धरणारी आपली आजी हे शास्त्र जाणत होती. पण वाटाड्याचे खरे काम दोराचेही नाही, ते निर्णयाचे आहे. दुपारच्या उन्हाने बर्फ भुसभुशीत होण्याआधी परतायचे तर मध्यरात्री निघावे लागते. ढगांचा रंग, वाऱ्याची दिशा, सोबतच्या माणसाचा श्वास, सगळ्यावर नजर ठेवावी लागते. आणि शिखर तासाभरावर दिसत असताना, ज्याने पैसे मोजले आहेत त्या गृहस्थाला ‘आता मागे फिरायचे’ असे सांगावे लागते, आणि त्याने ते ऐकावे लागते. माझ्या मते सारी मेख इथे आहे. बाईला कडा चढता येईल का, हा प्रश्न मारी पारादीच्या पुढच्या पिढीतच निकाली निघाला होता. बाईने ‘मागे फिरा’ म्हटले तर पुरुष फिरेल का, हा प्रश्न उरला होता.

आमच्याकडे शाळेची सहल एखाद्या गडावर निघते तेव्हा पालक हमखास विचारतात, “बरोबर सर कोण आहेत?” तो गड दहा वेळा पाहिलेल्या बाई सोबत आहेत असे सांगितले, तरी तोच प्रश्न पुन्हा येतो. असो.

हा प्रश्न मनाशी स्पष्टपणे मांडणारी पहिल्यांपैकी एक म्हणजे मिरियम ओब्रायन ही अमेरिकन गिर्यारोहक. सदैव कोणाच्या तरी मागे चढणाऱ्याला डोंगराची अर्धीच विद्या कळते, कारण निर्णय दुसऱ्याचे असतात, हे तिच्या ध्यानात आले. मग दोरावर एकही पुरुष नको, असा तिने नेम केला. १९२९ साली अॅलिस दामेम या फ्रेंच मैत्रिणीबरोबर ती शामोनीजवळच्या ग्रेपाँ या अवघड सुळक्यावर गेली. त्यावर एका फ्रेंच गिर्यारोहकाने हळहळ व्यक्त केली, ती अशी, की दोन बायकांनी एकट्याने केल्यामुळे ही चढाई आता संपल्यातच जमा. स्वाभिमानी पुरुष तिच्या वाटेला जाणार नाही. १९३२ मध्ये याच दोघींनी मॅटरहॉर्न केला. मात्र मिरियमला पोटासाठी हे करायचे नव्हते. ती हौशी होती आणि परवडत होते.

पोटासाठी करणारी आली ती इंग्लंडमध्ये. ग्वेन मोफॅटचा जन्म १९२४ चा. दुसऱ्या महायुद्धात मुलींना शेतीकामावर आणि लष्करी साहाय्यक दलांत घेत, त्यात ती होती. लष्करात वाहनचालक असताना वेल्सच्या डोंगराळ मुलखात तिला गिर्यारोहणाचे वेड लागले, इतके की ती नोकरीतून चक्क पळून गेली. त्यानंतरची काही वर्षे तिने उघड्यावर झोपून, जंगलखात्यात मजुरी करून, चित्रकारांसमोर बसून, मिळेल ते करून काढली. अनवाणी पायांनी खडक चढण्याबद्दल ती प्रसिद्ध होती. पदरी लहान मुलगी होती. १९५३ साली, म्हणजे ज्या वर्षी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर गेले त्याच वर्षी, तिला ब्रिटनमध्ये पर्वतीय वाटाड्याचे प्रमाणपत्र मिळाले. असे प्रमाणपत्र मिळवणारी ती त्या देशातली पहिली स्त्री. एव्हरेस्टची बातमी जगभर गाजली; या बातमीची नोंद घ्यायला जगाला सवड नव्हती. १९६१ मध्ये तिचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, आणि पुढे ती लेखनाकडे वळून रहस्यकथा लिहू लागली. मुलाबाळांची बाई जीव धोक्यात घालते, हा आक्षेप अशा स्त्रियांवर नेहमी घेतला गेला. शामोनीच्या वाटाड्यांनाही बायकामुले होती. किंबहुना त्यांचा संघच विधवा आणि पोरक्या मुलांच्या काळजीतून उभा राहिला होता. पण म्हणून बापाने डोंगरावर जाऊ नये, असे कोणी म्हणाले नाही.

फ्रान्समध्ये उच्च पर्वतीय वाटाड्याची पदवी पहिल्यांदा एका स्त्रीला, मार्तीन रोलाँ हिला, १९८३ साली मिळाली. स्वित्झर्लंडमध्ये १९८६ साली निकोल निकीय हिला मिळाली. मारी पारादी वर गेली त्याला तोवर पावणेदोनशे वर्षे झाली होती! स्वित्झर्लंडबद्दल आश्चर्य वाटायला नको. त्या पुढारलेल्या देशात राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्कच स्त्रियांना १९७१ मध्ये मिळाला. आपल्याकडे १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत खेड्यापाड्यातल्या बायका रांगेत उभ्या होत्या, हे मुलांना सांगताना मला दरवर्षी समाधान वाटते.

आता हिमालयाकडे वळू. तिथले चित्र आपल्या ओळखीचे आहे. नेपाळच्या डोंगरात बांबूची डोको पाठीवर, तिचा पट्टा कपाळावर, अशा रीतीने ओझी वाहणाऱ्या स्त्रिया पिढ्यान् पिढ्या चालत आल्या. परदेशी मोहिमा सुरू झाल्यावर त्यांचे सामानही त्यांनी वाहिले. सरदार, स्वयंपाकी, उंचावर जाणारे शेर्पा आणि मार्गदर्शक ही कामे मात्र पुरुषांची. १९७८ साली आर्लीन ब्लुम यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन स्त्रियांची मोहीम अन्नपूर्णेवर गेली. स्त्रियांच्या सामर्थ्याचा पुकारा करणारे सदरे विकून त्यांनी निधी उभारला. १५ ऑक्टोबरला आयरीन मिलर आणि व्हेरा कोमारकोव्हा शिखरावर पोहोचल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर दोन शेर्पा पुरुष होते. दोनच दिवसांनी दुसऱ्या तुकडीतल्या दोघी जणी पडून मेल्या. शेर्पा स्त्रियांनाही उंचावरच्या कामाचे शिक्षण द्यावे असा ब्लुम यांचा विचार होता, पण तो तडीस गेला नाही. आलेल्या मुली तळावरच्या धुण्यापलीकडे गेल्या नाहीत. हेतू शुद्ध असूनही कामाची जुनी वाटणी कशी डोके वर काढते, याचा हा बोलका दाखला आहे.

भारतात बचेंद्री पाल यांचे उदाहरण आहे. उत्तरकाशीजवळच्या खेड्यातली, संस्कृत घेऊन एम. ए. आणि बी. एड. झालेली ही मुलगी. शिक्षणाला साजेशी नोकरी मिळेना. मिळे ती तात्पुरती, तुटपुंज्या पगाराची. घरच्यांना तिचे डोंगरांचे वेड पसंत नव्हते. तिने उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेत शिक्षण घेतले आणि २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर जाणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. मला तिच्या शिखरापेक्षाही पुढची कामगिरी मोलाची वाटते. टाटांच्या साहस प्रतिष्ठानात राहून तिने असंख्य मुलींना डोंगर शिकवला, आणि १९९३ साली भारत-नेपाळ स्त्रियांची एव्हरेस्ट मोहीम स्वतः नेता म्हणून नेली. सातारा-पुण्याकडच्या मुली पुढे हिमालयात जाऊ लागल्या, कृष्णा पाटील २००९ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी एव्हरेस्टवर गेली, त्यामागे बचेंद्रींनी मळवलेली वाट होती.

त्याच १९९३ च्या वसंतात पासांग ल्हामू ही शेर्पा स्त्री स्वतःची वेगळी मोहीम घेऊन एव्हरेस्टवर गेली. तीन मुलांची आई, पतीबरोबर ट्रेकिंगच्या धंद्यात असलेली. आधीचे तीन प्रयत्न फसले होते. २२ एप्रिलला ती शिखरावर पोहोचली, आणि एव्हरेस्टवर जाणारी पहिली नेपाळी स्त्री झाली. उतरताना हवा बिघडली. सोबतचा सोनाम त्सेरिंग आणि ती, दोघेही परतले नाहीत. नेपाळने तिच्या नावाने टपाल तिकीट काढले, एका शिखराला आणि एका महामार्गाला तिचे नाव दिले. सन्मान मोठा, पण मेल्यावरचा.

पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, पोखऱ्याला एक साधी गोष्ट सुरू झाली. माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासात तिचे स्थान फार वरचे आहे. लकी, डिकी आणि निकी छेत्री या तीन बहिणी तिथे सरोवराकाठी प्रवाशांसाठी खाण्याराहण्याची सोय चालवत. एकट्यादुकट्या ट्रेकला गेलेल्या परदेशी स्त्रिया परत आल्या की तक्रार करीत: वाटाड्या दारू प्याला, अंगचटीला आला, वाटेत सोडून गेला. बहिणींनी विचार केला, आपणच का नेऊ नये? धंद्यातले पुरुष हसले. गावातून पहिला प्रश्न आला तो दिवसाचा नव्हता, रात्रीचा होता. दहा-दहा दिवस घराबाहेर राहणारी बाई रात्री कुठे झोपते? वाटेवरच्या धर्मशाळावजा घरांतून वाटाडे आणि हमाल जेवणाच्या खोलीत एकत्र पथारी पसरत. त्यात बाईची सोय कशी व्हावी? स्त्री प्रवाशांना स्त्री वाटाड्या, या सूत्रातून त्यांनी मार्ग काढला. पुरेशा बायका शिकलेल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी शिकवायला सुरुवात केली. १९९९ मध्ये या शिक्षणासाठी वेगळी संस्था काढली. वर्षातून दोन वेळा वर्ग भरतात. नकाशा, प्रथमोपचार, उंचीच्या आजाराची लक्षणे, थोडे इंग्रजी, वनस्पती आणि कायद्याने मिळालेले हक्क, असा अभ्यासक्रम. त्यानंतर अनुभवी वाटाड्याबरोबर उमेदवारी. दूरच्या जिल्ह्यांतल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या मुली येतात. बहुतेक जणी आधी हमाल म्हणून जातात, आणि मग वाटाड्या होतात. ज्या ओझ्याने त्यांच्या आज्यांना आयुष्यभर एकाच जागी ठेवले, तेच ओझे इथे पहिली पायरी झाले.

या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस दावा यांग्झुम शेर्पा या रोलवालिंग खोऱ्यातल्या मुलीने आंतरराष्ट्रीय महासंघाची पर्वतीय वाटाड्याची पदवी मिळवली. नेपाळमधली ती पहिली स्त्री. २०२४ पर्यंत तिने आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरे पुरी केली होती. आता जगभरचे पुरुष तिला मोबदला देऊन तिच्या मागे चढतात, आणि ती ‘मागे फिरा’ म्हणाली की फिरतात.

निकोल निकीयचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. १९९४ साली, आळंबी गोळा करीत असताना, वरून घरंगळत आलेला दगड तिच्या डोक्यात बसला. कड्यांवर काही न झालेली ही बाई त्यानंतर चाकाच्या खुर्चीला खिळली. काही वर्षांनी तिने नेपाळसाठी पैसे जमवायला घेतले. एव्हरेस्टच्या वाटेवरचे पहिले ठाणे म्हणजे लुक्ला, सुमारे २,८०० मीटरवरचे. तिथे २००५ साली एक दवाखाना उभा राहिला. त्याच्या नावात पासांग ल्हामूचे नाव आहे आणि निकोल निकीयचेही. आसपासच्या गावांतले लोक आणि वाटेवर आजारी पडलेले हमाल तिथे येतात.